सिम्युलेटरमध्ये विमान आपोआप डावीकडे ओढतं आणि मधेच झटका देतं. नवीन जॉयस्टिक घ्यावी का?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये सेस्ना 172 हे एका पंख्याचं छोटं विमान उडवता, टेकऑफला आणि चढताना विमान डावीकडे जातं, कधीकधी नाक मधेच फाडकन वळतं, आणि विंडोजमधून कॅलिब्रेशन (दांड्याची टोकं आणि मध्य संगणकाला नव्याने दाखवणं) केलं की दर वेळी आधीपेक्षा बिघडतं. जॉयस्टिक काही वर्षं जुनी, दांडा पिळला की रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीचं पातं, खऱ्या विमानात ते पायाने चालतं) फिरतो त्या प्रकारातली.

लगेच नवीन घेऊ नका. माझ्या मते तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी चालल्यात आणि तुम्ही दोन्हींचं खापर एकाच ठिकाणी फोडताय. डावीकडे ओढणं हा बहुतेक बिघाडच नाही. झटका मात्र खराच बिघाड आहे, आणि तो कॅलिब्रेशनने जाणार नाही.

आधी ओढण्याचं बघू. सेस्ना 172 चा पंखा पायलटच्या जागेवरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो. इंजिन पंख्याला उजवीकडे फिरवतं म्हणजे उलट धक्क्याने विमान डावीकडे कलू पाहतं. पंख्यामागची हवा पिळा मारत शेपटीकडे जाते आणि शेपटीच्या उभ्या पात्याला डाव्या अंगाने ढकलते, म्हणजे शेपूट उजवीकडे, नाक डावीकडे. नाक वर करून चढताना तर उजव्या बाजूने खाली येणारं पंख्याचं पातं जास्त हवा कापतं, त्यामुळे ओढ आणखी वाढते. खऱ्या विमानातही शिकाऊ पायलटला शिक्षक सारखे 'उजवा पाय, उजवा पाय' असं ओरडून हैराण करतात ते याचसाठी. सिम्युलेटर हे सगळं हिशोबात धरतो.

पडताळायचं कसं? तीन-चार हजार फुटांवर जा, विमान सरळ करा आणि थ्रॉटल (इंजिनाचा जोर) पूर्ण मागे घ्या. ओढ जवळजवळ गेली तर जॉयस्टिक निर्दोष आहे, तुम्हाला उजवा रडर द्यायची सवय लावायची आहे. इंजिन मंद करूनही तेवढंच ओढत असेल तर इंधनाचा खटका बघा. 172 मध्ये तो डावी, उजवी आणि दोन्ही अशा जागी फिरतो; बराच वेळ फक्त उजव्या टाकीवर राहिला तर डावा पंख जड होतो. डाव्या सीटवर पायलट एकटा असला तरी थोडा फरक पडतोच. वारा आडवा लावून ठेवलेला नाही ना, तेही एकदा बघून घ्या. हे सगळं तपासून झाल्यावरच संशयाची सुई टेबलावरच्या दांड्याकडे वळवा.

मग गेमची सेटिंग. इथे मी फार रेंगाळणार नाही, पण एक गोष्ट सतत दिसते: संगणकाला एक्सबॉक्सचा कंट्रोलर पण लावलेला असतो आणि त्याच्या काडीलाही तेच काम दिलेलं असतं. दोन मालक, एक रडर. ती काडी जरा सरकलेली असली की विमान सरकतं. डीसीएस वर्ल्ड या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये तर हा उपद्रव ठरलेलाच. नवीन काही जोडलं की तो स्वतःहून त्यालाही अक्ष (हालचालीच्या दिशा) वाटून मोकळा होतो, आणि पेडलचा ब्रेक दाबला की विमान नाक खाली घालतं. बाकी सगळी उपकरणं काढा, फक्त जॉयस्टिक ठेवा, मग बघा. गेम स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतला असेल तर त्या गेमपुरतं स्टीम इनपुट बंद करून बघा, कारण ते मधे बसून आपली भाषांतरं करत असतं.

आता झटका. हा गेममध्ये शोधू नका, गेमच्या बाहेर शोधा. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत जॉय डॉट सीपीएल (इंग्रजी अक्षरांत, सलग) टाइप करून एंटर मारा. यादीतली तुमची जॉयस्टिक निवडून प्रॉपर्टीजमध्ये जा. चौकोनातलं अधिकचं चिन्ह म्हणजे दांड्याची पुढे-मागे आणि डावी-उजवी हालचाल. पिळण्याची पट्टी वेगळी असते, तिला झेड रोटेशन म्हणतात. दांड्याला हात न लावता त्या पट्टीकडे नुसतं बघत बसा. मग अगदी सावकाश, मुंगीच्या गतीने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पिळा. पट्टी सरकत जायला हवी. मधे ती उडी मारते का, आणि नेमकी कुठे मारते?

पट्टीपेक्षा आकडे बरे. कॅलिब्रेशन सुरू केलं की पुढच्या पानांवर कच्चे आकडे दाखवायचा एक चौकोन येतो, त्यावर टिक करा. जॉयस्टिकप्रमाणे आकडे 0 ते 255 किंवा 0 ते 1023 असे काहीतरी असतील. सोडून दिलेल्या दांड्यावर 127, 128, 127 अशी चुळबुळ चालली तर ती नेहमीची, तिच्याकडे दुर्लक्ष करा. 128 वरून एकदम 190 आणि परत 128 दिसलं तर तोच तुमचा झटका, चोर सापडला. बघून झालं की कॅलिब्रेशन पूर्ण करू नका, रद्द करून बाहेर या.

रद्दच का, ते सांगतो, कारण तुमची परिस्थिती इथेच चिघळलीय. कॅलिब्रेशन म्हणजे संगणकाने सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा लिहून घेणं, आणि सोडल्यावरचा मध्य. तुम्ही पिळत असताना नेमकी खोटी उडी आली तर तीच टोक म्हणून लिहिली जाते. मग खरं टोक कधी गाठलंच जात नाही, आणि मध्याची नोंद उडीच्या क्षणी झाली तर विमान कायमचं एका अंगाला. जेवढ्या वेळा कराल तेवढ्या वेळा हा जुगार. सेटिंगच्या टॅबमध्ये मूळ स्थितीवर आणायचं बटण आहे, ते दाबा आणि तुमची सगळी कॅलिब्रेशनं पुसून टाका.

कॅलिब्रेशनला एवढा मान मिळाला तो जुन्या काळामुळे. 1981 च्या आयबीएम पीसीच्या जॉयस्टिक कार्डात दांड्यातल्या रोधाचं (विजेला होणाऱ्या अडथळ्याचं) मोजमाप थेट होत नसे. त्या रोधातून एक कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) भरायला किती वेळ लागतो ते संगणक मोजायचा. मशीन बदललं की आकडे बदलायचे, म्हणून कॅलिब्रेशन सक्तीचं. पंधरा पिनांचं ते पोर्ट पुढे साउंड कार्डावर आलं आणि नंतर नाहीसं झालं. आताच्या यूएसबी जॉयस्टिकमध्ये हे मोजमाप तिच्या पोटातली चिप करते आणि संगणकाला तयार आकडा देते. चांगल्या स्थितीतल्या जॉयस्टिकला बहुतेक वेळा विंडोजच्या कॅलिब्रेशनची गरज पडत नाही. सवय मात्र राहिली.

उडी येते कुठून? दांडा पिळण्याच्या अक्षाला बहुतेक स्वस्त आणि मध्यम जॉयस्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर असतो, म्हणजे फिरवला की रोध बदलणारा भाग, दुकानात त्याला नुसतं पॉट म्हणतात. चुंबकी सेन्सरची म्हणून मिरवणाऱ्या काही जॉयस्टिकमध्येही चुंबक फक्त मुख्य दोन अक्षांना असतो, पिळायला पॉटच. जुन्या रेडिओचा आवाज वाढवताना जी खरखर येते, तीच ही. पॉट उघडून पाहिला तर आत घोड्याच्या नालेसारखा कार्बनचा काळा पट्टा दिसेल आणि त्यावरून घासत जाणारी पितळी जीभ. पट्ट्याची दोन्ही टोकं नव्यासारखी, आणि मधोमध एक फिकट, चकाकणारा ओरखडा. दांडा दिवसभर मध्याच्याच आसपास हलतो, त्यामुळे झीज तिथेच होते, आणि उडणाऱ्याला अचूकपणा हवा असतो तोही तिथेच. गेममध्ये डेड झोन (मध्याजवळच्या हालचालीकडे दुर्लक्ष करायची हद्द) वाढवला की झटका दिसेनासा होतो खरा, पण तो झाकलेला असतो, गेलेला नसतो. थोडासा, तीन ते पाच टक्के, ठेवायला हरकत नाही. पंधरा-वीस टक्के ठेवायची वेळ आली तर मात्र धावपट्टीवर सरळ रेषा धरणं विसरा.

पट्टी मधे उडी न मारता सरळ एका टोकाला जाऊन चिकटत असेल, आणि तेही दांडा ठरावीक कोनात असतानाच, तर पॉट नाही, वायर. दांड्याच्या आतून जाणाऱ्या बारीक वायरी पिळून पिळून तुटतात. आणि सगळेच अक्ष एकदम गोठून विंडोजचा उपकरण काढल्याचा आवाज येत असेल तर जॉयस्टिक उघडायच्या आधी यूएसबी हब काढून थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवरच्या टॅबवरची वीज वाचवायची टिक काढा.

वॉरंटी शिल्लक असेल तर पुढचं वाचू नका, दुकानात जा. नसेल तर: यूएसबी काढा, तळाच्या रबरी पायांखाली लपलेले स्क्रू शोधा, उघडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा, स्प्रिंग उडाली तर ती सोफ्याखालीच जाते. इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर पॉटच्या पायांजवळच्या फटीतून थोडासा मारा, पॉट टोकापासून टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा, पूर्ण वाळू द्या. दाराची कुरकुर घालवायचा तेलाचा फवारा अजिबात नको. त्याचा थर मागे राहतो आणि धूळ धरतो. धूळ-मळ असेल तर एवढ्याने काम होतं. कार्बनच झिजला असेल तर काही आठवडे बरं वाटेल आणि झटका परत येईल.

तेव्हा पॉट बदला. पाठीवर किंवा अंगावर बी10के असं काही लिहिलेलं असतं, बी म्हणजे एकसारखा चढणारा, 10 के म्हणजे दहा किलोओहम. तुमच्यातला आकडा वेगळा असू शकतो, म्हणून जुना काढून सोबत न्या. पुण्यात असाल तर पासोड्या विठोबाजवळची तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. पॉटच्या दांडीची लांबी आणि तिची एक बाजू चपटी आहे का हे आकड्याइतकंच महत्त्वाचं, कारण आकडा जुळला आणि दांडी बसली नाही तर दुसरी फेरी ठरलेली. दुकानातच मल्टीमीटर (रोध मोजायचा मीटर) लावून मधला पाय आणि एक टोक धरून सावकाश फिरवायला सांगा. डिजिटल मीटरपेक्षा काट्याचा मीटर इथे सरस, काटा अडखळला की डोळ्याला लगेच कळतं. बसवताना दांडा सरळ सोडलेला असताना मीटरवर निम्मा रोध, म्हणजे 10 के असेल तर पाच किलोओहमच्या आसपास दिसला पाहिजे. जॉयस्टिक पॉटचा मधला थोडासाच भाग वापरते, त्यामुळे तिरका बसला तर एका बाजूचा रडर मिळणारच नाही.

सोल्डरिंग जमत नसेल तर एक फुकटचा मार्ग आहे: गेममध्ये झेड रोटेशनला दिलेलं रडरचं काम काढून टाका आणि रडर कीबोर्डवर घ्या, किंवा मदतीच्या पर्यायांतला ऑटो रडर चालू करा. बाकी दोन अक्ष ठणठणीत असतील तर ही जॉयस्टिक अजून बरीच चालेल, आणि वाचलेले पैसे पुढेमागे पायातल्या पेडलना लावता येतील.