प्लेन टेक्स्ट निवडूनही कंपन्या एचटीएमएल मेलच का पाठवतात, आणि आपण काय करू शकतो?

प्लेन टेक्स्ट, म्हणजे नुसता साधा मजकूर, निवडूनही कंपनी एचटीएमएल, म्हणजे चित्रं-रंग-बटणांनी सजवलेले मेल पाठवते यावरचा तुमचा राग अगदी रास्त आहे. माझ्याकडेही हेच झालं, एका कंपनीच्या अकाउंटमध्ये "फक्त टेक्स्ट" निवडून ठेवलेलं, बरीच वर्षं साधे सुटसुटीत मेल यायचे आणि मग अचानक बॅनर, बटणं, रंगीत चौकटी सुरू. सेटिंगमध्ये जाऊन बघतो तर तो ऑप्शनच काढून टाकलेला, विचारणं दूरच, साधं कळवलंसुद्धा नाही!

कस्टमर केअरला विचारलं तर म्हणे नवीन सिस्टीममध्ये ते होत नाही. हे मला अजिबात पटत नाही. एकाच मेलमध्ये तोच मजकूर वेगवेगळ्या रूपांत पाठवायची सोय माइम स्टँडर्डमध्ये (मेलची रचना कशी असावी याचे ठरलेले नियम) १९९२ पासून आहे, टेक्स्ट आणि एचटीएमएल असे दोन्ही भाग त्यामुळे सोबत येऊ शकतात आणि कुठला दाखवायचा ते वाचणाऱ्याचं ॲप ठरवतं. पण कित्येक जण टेक्स्टच्या भागात "हा मेल ब्राउझरमध्ये उघडा" एवढीच ओळ टाकून मोकळे होतात.

मुख्य कारण माझ्या मते ट्रॅकिंग. एचटीएमएल मेलमध्ये एका पिक्सेलची न दिसणारी इमेज टाकतात, ती त्यांच्या सर्व्हरवरून लोड झाली की तुम्ही मेल उघडला हे त्यांना कळतं, कधी उघडला तेही कळतं. साध्या टेक्स्टमध्ये हे जमतच नाही. बरं, २०२१ मध्ये ॲपलने त्यांच्या मेल ॲपमध्ये, तुम्ही मेल उघडला नाही तरी, अशा इमेज परस्पर आधीच डाउनलोड करून ठेवायची सोय आणली, त्यामुळे हे आकडे आता तसेही भरवशाचे नाहीत, आणि त्यासाठी आपली निवड डावलायची? स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या अंध लोकांचा तर कुणी विचारच करत नाही, अख्खा मजकूर इमेजमध्ये असेल आणि त्याला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे इमेजऐवजी वाचता येणारा मजकूर, दिलेलं नसेल तर त्यांनी वाचायचं काय?

आपल्या हातात आहे ते म्हणजे आपलं ॲप. थंडरबर्ड या मेल ॲपमध्ये व्ह्यू मेनूत मेसेज बॉडी ॲज मध्ये जाऊन प्लेन टेक्स्ट करा, जीमेलमध्ये बाहेरच्या इमेज विचारूनच दाखवायचं सेटिंग आहे ते चालू करा. आणि कंपनीकडे लेखी तक्रार कराच, फोनवरचं बोलणं हवेत विरतं. थंडरबर्डमध्ये एखाद्या मेलची "ब्राउझरमध्ये उघडा" ही एकच फालतू ओळ दिसली तर त्याच मेनूत सिंपल एचटीएमएल निवडा, मजकूर दिसतो आणि बाकीची सजावट बरीचशी गळून जाते.