मालकाचा पैशाबद्दलचा स्वभाव आणि निर्यातीतला नफा

छोट्या निर्यातदाराचा नफा-तोटा मालकाच्या पैशाबद्दलच्या स्वभावावर ठरतो का, असं तुम्ही विचारलंय. ठरतो. सोलापुरात वडिलांच्या टॉवेल कारखान्याचे हिशेब मी अकरा वर्षं पाहिले, म्हणून सांगते.

वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या लेखी कर्ज म्हणजे घराण्याला बट्टा. सूत रोखीनं घ्यायचे. पॅकिंग क्रेडिट, म्हणजे निर्यातीचा माल तयार करायला बँक देते ते कर्ज, कधी उचललं नाही आणि हे चारचौघांत अभिमानानं सांगायचे. 2007 च्या फेब्रुवारीत अमेरिकेची 50,000 डॉलरची ऑर्डर आली. डॉलर 44 रुपयांच्या आसपास, म्हणजे 22 लाख. त्यातून आम्हाला सुटणार पावणेदोन लाख. पैसे हातात यायला सप्टेंबर उजाडणार होता. मी बँकेत जाऊन फॉरवर्डचा, म्हणजे पुढे येणाऱ्या डॉलरसाठी आजच बांधून घ्यायचा दर विचारून आले. तो 44 च्या वरच होता, कारण आपल्याकडे पुढच्या तारखेच्या डॉलरला सहसा आजच्यापेक्षा थोडा जास्तच भाव मिळतो. आप्पा म्हणाले, "हा सट्टा झाला. आपल्या घरात सट्टा खेळत नाहीत."

सप्टेंबरात डॉलर 40 वर आला. 20 लाख मिळाले. नफा गेलाच, वर पंचवीस हजार पदरचे घालावे लागले.

सट्टा खेळलो तो आपण, दर मोकळा ठेवून, हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं. "तू नोकरदारासारखा विचार करतेस," एवढंच उत्तर मिळालं. रुपया वधारल्याचा फटका सोसवावा म्हणून केंद्रानं त्याच जुलैत कापड आणि लघुउद्योगांच्या निर्यात कर्जावर 2 टक्के व्याजसवलत दिली होती. आम्हाला त्यातली दमडीही मिळाली नाही. कर्जच नव्हतं, सवलत कशावर मिळणार?

पुढच्या वर्षी ओळखीतल्या एका कारखानदारानं बँकेच्या सांगण्यावरून स्विस फ्रँकचे गुंतागुंतीचे डेरिव्हेटिव्ह, म्हणजे त्या चलनाच्या चढउतारावर नफा-तोटा ठरणारे करार घेतले आणि तो बुडाला. आप्पांना पुरावाच सापडला. पण त्या माणसाचा एकही टॉवेल फ्रँकमध्ये विकला जात नव्हता. हातातल्या ऑर्डरचा दर बांधणं आणि भलत्याच चलनावर पैज लावणं या दोन गोष्टी आप्पांनी कायम एकाच पारड्यात टाकल्या. माझं भांडण तेवढ्याचसाठी होतं.

एक मात्र कबूल करायला हवं. 2009 च्या मंदीत ऑर्डरी आटल्या, हप्ते असलेल्यांनी लूम विकले. आमचे सगळे जागेवर राहिले. ते आप्पांमुळेच. आणि तुम्ही दर बांधणार असाल तर पूर्ण रकमेचा बांधू नका. माल उशिरा गेला किंवा ऑर्डर रद्द झाली तर करार मोडण्याचा भुर्दंड तुमच्यावर येतो. निम्म्या रकमेपासून सुरुवात करा.

मी तेव्हा आप्पांकडे निम्म्याचंच मागत होते. त्या दिवशीचा दर रोजमेळाच्या मागच्या पानावर माझ्या अक्षरात अजून आहे.