इन्सुलिन घेऊन लग्नाला कसे जावे?

इन्सुलिन घेणारे रुग्ण उन्हाळ्यात हमखास विचारतात, "प्रवासात फ्रीज नसेल, तर औषध खराब होणार नाही ना?" इंदूरच्या रामबागेतल्या एका काकूंनी हे विचारले, तेव्हा मे महिन्यात पुण्याला भाचीचे लग्न होते आणि न जाण्याचे त्यांनी जवळपास ठरवलेच होते. यजमानांनी फारच आग्रह धरला, तेव्हा थर्मासात बर्फ भरून त्यात इन्सुलिनच्या बाटल्या ठेवण्याचा तोडगा त्यांनी काढला.

मला उन्हापेक्षा त्या बर्फाचीच काळजी वाटली. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असते. वापरात असलेली बहुतेक इन्सुलिने मात्र 30 अंशांखाली साधारण चार आठवडे टिकतात (नेमकी मुदत सोबतच्या पत्रकात दिलेली असते). याउलट एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर पूर्वीसारखे दिसले, तरी त्याच्या गुणाची खात्री उरत नाही आणि ते टाकूनच द्यावे लागते. म्हणून थंड जेलची पिशवी टॉवेलात गुंडाळून, बाटलीला थेट टेकणार नाही अशी, हातातल्या बॅगेत ठेवायला मी सांगितले. गाडी उन्हात उभी असताना औषध आत सोडायचे नाही, आणि मुक्कामी फ्रीज नसेल, तर घट्ट झाकणाच्या डब्यात बाटली घालून तो डबा पाण्याच्या माठात ठेवला तरी चालते.

काकूंच्या बाटलीवर 40 युनिट प्रति मिलिलिटर असे लिहिलेले होते आणि तिच्यासाठीची सिरिंज लाल टोपणाची असते. प्रवासात सिरिंज संपली आणि कोणी 100 युनिटांची, केशरी टोपणाची आणून दिली, तर 20 च्या खुणेपर्यंत भरूनही शरीरात जेमतेम 8 युनिट जातात. उलट अदलाबदल झाली, तर डोस अडीचपट होतो आणि तो जिवावर बेतू शकतो. म्हणून सिरिंजा घरूनच जास्त न्याव्यात आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी, असे मी बजावले.

खरी अडचण जेवणाच्या वेळेची होती. लग्नाचा मुहूर्त पत्रिकेत छापलेला असतो, पंगतीचा नसतो. काकूंचे इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचे होते. ते घेऊन पंगत लांबली, तर साखर उतरून घाम, थरथर, प्रसंगी बेशुद्धीही येऊ शकते. त्यामुळे स्वयंपाकघरातून नक्की वेळ कळल्याशिवाय सुई टोचायची नाही आणि पर्समध्ये ग्लुकोजची पूड ठेवायची, हे ठरले. चारचौघांत इंजेक्शन घ्यायच्या संकोचावर वधूच्या खोलीचा उपाय त्यांनी स्वतःच सुचवला.

परतल्यावर त्यांनी नोंदवही दाखवली, तेव्हा लग्नाच्या रात्रीची साखर तेवढी चढलेली होती आणि जिलेबीची कबुली त्यांनी न विचारता दिली. डोस आणि जेवण नेहमीचे असूनही सगळेच आकडे चढलेले असते, तर ती बाटली टाकून नवी उघडायला मी सांगितले असते.