विडंबनगीत, उपहासगीत की व्यंगगीत?

प्रश्न असा आला आहे की, रँडी रेनबो या अमेरिकी गायकाच्या राजकीय गाण्यांना मराठीत काय म्हणावे. प्रश्नकर्त्याची शंका रास्त आहे: ही गाणी मूळ गाण्याची टर उडवत नाहीत, ती राजकारण्यांची उडवतात, मग त्यांना विडंबनगीत कसे म्हणायचे? माझ्या मते विडंबनगीत हाच शब्द योग्य आहे.

रेनबो यांची पद्धत अशी की, बातम्यांमधील खऱ्या चित्रफितींत ते स्वतःला मुलाखतकार म्हणून बेमालूम जोडतात, नेत्याच्या खऱ्या उत्तरांना आपले प्रश्न चिकटवतात आणि मग एखाद्या गाजलेल्या नाट्यगीताच्या किंवा चित्रपटगीताच्या चालीवर नवे शब्द गाऊ लागतात. सप्टेंबर 2016 मधील ट्रम्प आणि हिलरी क्लिंटन यांच्या पहिल्या वादचर्चेत ट्रम्प यांनी 'ब्रॅगाडोशस' म्हणजे बढाईखोर असा शब्द वापरला. रेनबो यांनी तो उचलून 'मेरी पॉपिन्स' चित्रपटातील 'सुपरकॅलिफ्रॅजिलिस्टिकएक्स्पिॲलिडोशस' या गाण्याच्या चालीत बसवला. दोन्ही शब्दांचा शेवट 'डोशस' असा होतो आणि त्या एका यमकावर गाणे उभे राहते. हे गाणे झपाट्याने पसरले. जानेवारी 2018 मध्ये ट्रम्प यांनी स्वतःला 'अत्यंत स्थिर बुद्धीचा प्रतिभावंत' म्हणवून घेतल्यावर रेनबो यांनी गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या 1879 च्या संगीतिकेतील मेजर जनरलचे पद घेतले. मूळ पदातला हा सेनाधिकारी आपल्या सर्वज्ञतेची लांबलचक यादी सांगतो आणि शेवटी कबूल करतो की युद्धशास्त्रात मात्र आपली प्रगती बेताची आहे. ज्या श्रोत्याला हे पद ठाऊक आहे, त्याच्या मनात नव्या शब्दांमागे जुना बढाईखोर उभा राहतो.

विडंबनाची खूण हीच आहे. नुसती चाल उसनी घेणे म्हणजे विडंबन नव्हे. 'संगीत सौभद्र'सारख्या जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्याच गाण्याचा उल्लेख छापलेला असे, पण त्या पदांना कोणी विडंबन म्हटले नाही. तिथे मूळ गाण्याचे शब्द आठवावेत अशी कवीची अपेक्षाच नव्हती. विडंबनात ती असते, आणि मूळ आठवल्याशिवाय अर्धी गंमत हातची जाते.

आता लक्ष्य कोण, हा मुद्दा. 1994 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'ओ, प्रिटी वुमन' या गाण्याच्या टू लाइव्ह क्रू या रॅप गटाने केलेल्या रूपांतराबाबत निकाल देताना पॅरडी आणि सटायर यांत असा भेद केला की, मूळ कृतीवरच टीका करणाऱ्याला ती उसनी घेण्याची गरज असते, मात्र तिसऱ्यावर टीका करणाऱ्याला ही उसनवारी का केली ते सांगावे लागते. स्वामित्वहक्काच्या कायद्यात हा भेद महत्त्वाचा आहे, पण तो मराठी शब्दावर लादण्याचे कारण नाही. आपल्याकडे विडंबन हा काव्यप्रकार ज्यांनी लोकप्रिय केला, त्या अत्रे यांचेच उदाहरण पाहा. 'झेंडूची फुले' या 1925 मधील संग्रहात त्यांनी केशवसुतांच्या 'आम्ही कोण?' या कवितेचे विडंबन केले. वृत्तही तेच, शार्दूलविक्रीडित. केशवसुत 1905 मध्येच गेले होते आणि अत्र्यांचा रोख त्यांच्यावर नव्हता, तर त्यांच्या थाटात स्वतःला मिरवणाऱ्या समकालीन कवींवर होता. साचा एकाचा आणि फटका दुसऱ्याला, हे मराठी विडंबनाला सुरुवातीपासून मान्य आहे. मुंबईत 2017 मध्ये 'सोनू'च्या गाण्यावरून महापालिकेच्या कारभारावर जे गाणे झाले, तेही याच जातीचे.

उपहास हा शब्द वृत्ती सांगतो, तर विडंबन हा रीत सांगतो. स्वतंत्र चालीत, स्वतंत्र शब्दांत नेत्याला चिमटे काढणारे गाणे उपहासगीत होय. रेनबो यांची गाणी उपहासासाठी रचलेली विडंबनगीते आहेत आणि ते स्वतः विडंबनकार गायक. व्यंगगीत हा शब्द मात्र मी टाळेन. व्यंगचित्र आपल्याकडे पक्के रुजले असले तरी सुट्या 'व्यंग' शब्दाचा मराठीतला पहिला अर्थ शारीरिक उणीव किंवा दोष असाच आहे, आणि व्यंगगीत ही हिंदीतल्या व्यंग्यावरून आलेली घडण वाटते.

वाक्यात योजताना एक काळजी घ्यावी. 'गाण्याचे विडंबन' आणि 'नेत्याचा उपहास' असे लिहावे. 'नेत्याचे विडंबन' असे लिहिले की वाचकाचे मन 'विटंबना'कडे झुकते. हे दोन्ही शब्द मुळात एकाच संस्कृत शब्दाची रूपे असले तरी मराठीत त्यांच्या वाटा केव्हाच वेगळ्या झाल्या आहेत: विडंबन कवितेचे किंवा गाण्याचे होते, विटंबना पुतळ्याची किंवा माणसाची होते. राजकीय विडंबनगीतावर आक्षेप घेणारे नेमका दुसरा शब्द वापरतात, म्हणून लिहिणाऱ्याने पहिलाच वापरावा.