जुन्या महिंद्रा जीपची चासी वाकडी आहे का, हे घरी तपासता येईल का?

हो, येईल, ओळंबा, टेप आणि गवंड्याची पाण्याची नळी एवढं पुरतं. बॉडी उतरवून चासी सपाट कोब्यावर तीन टेकूंवर ठेवा: मागे दोन, पुढे मधोमध एक. स्प्रिंग हँगरची (स्प्रिंग चासीला जोडणाऱ्या ब्रॅकेटची) भोकं, क्रॉस मेंबरचे (चासीच्या आडव्या दांड्यांचे) रिव्हेट अशा डाव्या-उजव्या जोडीच्या खुणांवरून ओळंबा सोडून खाली खडूने ठिपके करा आणि तिरकी मापं घ्या. दोन्ही कर्ण सारखे हवेत. ३ मिमीपर्यंतचा फरक चालून जातो. पीळ, म्हणजे चासीची एक बाजू वर आणि दुसरी खाली मुरगळलेली असणं, या मापांत दिसत नाही. त्यासाठी मागचे कोपरे लेव्हलला आणून नळीने पुढच्या दोन कोपऱ्यांची उंची बघा. सरळ करताना साखळी आणि हायड्रॉलिक जॅकने थंडच ओढा, थोडं जास्त, कारण पत्रा परत मागे येतो. गॅसने लाल करू नका, पोलाद कमजोर होतं. आणि हँगरजवळ गंजाने भोक पडलं असेल किंवा तडा असेल, तर आधी ते दुरुस्त करून घ्या, नाहीतर ओढताना तिथेच फाटेल.

अँबेसेडर किंवा पद्मिनीला मात्र हे पुरणार नाही. त्यांना वेगळी चासी नसते, त्यामुळे बॉडी जिगवर, म्हणजे गाडी पक्की धरून मापं जुळवायच्या चौकटीवर, चढवावी लागते.