ऑस्ट्रेलियातले मूलनिवासी आणि गोरे वसाहतवाले यांच्यातला संघर्ष समजून घ्यायला कोणता चित्रपट पाहावा?

एकच पाहणार असाल तर 'चार्लीज कंट्री' (2013). दिग्दर्शक रॉल्फ द हीर गोरे आहेत, पण पटकथा त्यांनी नायक डेव्हिड गुल्पिलिल यांच्यासोबत लिहिली. चार्लीची बंदूक पोलीस काढून घेतात. मग तो शिकारीसाठी हाताने भाला घडवतो, तर तोही 'घातक हत्यार' म्हणून जप्त होतो! स्वतःच्याच जमिनीवर शिकार करायला परक्याची परवानगी का लागावी, हा प्रश्न कुठल्याही भाषणापेक्षा या प्रसंगातून जास्त टोचतो. सुरुवातीला पोलीस खलनायक वाटत नाहीत, चार्लीशी हसून-खेळून बोलतात. कायदाच त्याचं जगणं गुन्हा ठरवतो. गुल्पिलिल यांना या भूमिकेसाठी 2014 साली कान महोत्सवाच्या 'अं सर्तेन रगार' विभागात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. तो त्यांचा हक्कच होता असं मला वाटतं.

त्यानंतर 'रॅबिट-प्रूफ फेन्स' (2002) बघा. 1931 साली सरकारने आईपासून तोडून नेलेल्या तीन मुली ससे अडवण्यासाठी घातलेल्या कुंपणाच्या आधाराने पायी घराकडे निघतात. कथा खरी आहे. मिश्र वंशाच्या मुलांना 'गोरं' करण्याचं हे धोरण अनेक दशकं चाललं, आणि त्याचे घाव अजून ओले आहेत.

या दोन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक गोरे, म्हणून वॉरविक थॉर्नटन या मूलनिवासी दिग्दर्शकाचा 'स्वीट कंट्री' (2017) चुकवू नका. स्वसंरक्षणासाठी गोऱ्या माणसावर गोळी झाडलेल्या मूलनिवासी मजुराची ही गोष्ट आहे. त्यात हिंसा बरीच आहे, लहान मुलांसोबत पाहू नका.