सुरांच्या शंका : तीन बहिणी आणि एक मायक्रोफोन

प्रश्न : आमचे आजोबा बोटीवर स्टुअर्ड होते. माळा साफ करताना त्यांच्या ट्रंकेत ‘ब्रन्सविक’ कंपनीची तबकडी मिळाली. लेबलवर ‘बॉसवेल सिस्टर्स’ असं नाव आहे. तेच गाणं इंटरनेटवर लावलं, तर मध्येच लय बदलते, चाल भलतीकडे जाते आणि शब्दांच्या जागी काहीतरी बडबड येते. गाणंच असं आहे की कुणी बिघडवलंय? आणि या बायका कोण?
एक वाचक, देवगड

उत्तर : गाणंच असं आहे, आणि मला ते फार आवडतं. आजोबांचा कान तिखट होता म्हणायचा.

मार्था, कॉनी आणि व्हेट या तीन सख्ख्या बहिणी. अनुक्रमे 1905, 1907 आणि 1911 चा जन्म. वाढल्या अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये, म्हणजे जॅझच्या माहेरी. तिघींचं शिक्षण मात्र शास्त्रशुद्ध पाश्चात्त्य संगीताचं: मार्था पियानोवर, कॉनी चेलोवर, व्हेट व्हायोलिनवर. घरात पुस्तकातलं संगीत आणि खिडकीबाहेर रस्त्यावरचं. या दोन्हींचा संसार त्यांच्या गाण्यात दिसतो. 1925 साली न्यू ऑर्लिन्समध्येच त्यांनी पहिली तबकडी भरली, तेव्हा धाकटी चौदाचीही नव्हती. खरी कीर्ती 1931 पासून, न्यू यॉर्कला जाऊन सीबीएस रेडिओवर गायला लागल्यावर.

आता तुमची ‘बडबड’. लहानपणी या बहिणींनी आपापसात बोलायला एक गुप्त भाषा केली होती. शब्दात मध्येच जादा अक्षरं घुसवायची. आपण शाळेत ‘च’ची भाषा बोलायचो ना, तोच खोडसाळपणा. मोठेपणी तीच त्यांनी गाण्यात आणली. तीन जणी एका दमात, एकाही अक्षराची चूक न करता ती बोलतात. मी ताल धरून बघितलंय, जीभ अडखळते.

आणि लय बदलण्याचं म्हणाल, तर तेच त्यांचं कर्तृत्व. बाजारात आलेलं एखादं साधं चालू गाणं घ्यायचं आणि ते उसवून पुन्हा शिवायचं. तबकडीच्या एका बाजूला जागा सुमारे तीन मिनिटांची. तेवढ्यात ठाय लय, मग दुप्पट, मग आनंदी चालीचं एकदम उदास स्वरात रूपांतर, आणि शेवटी पुन्हा घरी. ही बांधणी बाहेरचा कुणी लिहून देत नव्हता, त्या स्वतः करायच्या आणि त्यात कॉनीचा वाटा मोठा. मागे साथीला टॉमी आणि जिमी हे डॉर्सी बंधू, जे पुढे स्वतःच बँडप्रमुख म्हणून गाजले. सुरुवातीला ‘मूळ चाल कुठे गेली?’ अशा तक्रारी रेडिओच्या श्रोत्यांकडूनही यायच्या. म्हणजे तुमची शंका नव्वद वर्षं जुनी आहे, संकोच नको.

रेडिओचा यात हात किती? बराच. मायक्रोफोनच्या आधी गायकाला मागच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागे. या तिघी एकाच मायक्रोफोनपुढे डोकी जुळवून, हळू आवाजात गायच्या. आजच्यासारखे वेगळे ट्रॅक नव्हते. कुणाचा आवाज वर हवा, कुणाचा मागे, हे गळ्यानंच ठरवायचं. शिवाय कॉनीचे पाय लहानपणापासून अधू होते, ती बसूनच गायची. रंगमंचावर लांब झग्याखाली ते झाकावं लागे. रेडिओवर झाकायला काही नव्हतंच.

तबकडीविषयी एक ताकीद. ती लाखेपासून केलेल्या शेलॅकची आहे. ही लाख बरीचशी आपल्याच छोटा नागपूरकडून परदेशी जायची. स्पिरिटनं किंवा सॅनिटायझरनं पुसलीत तर पृष्ठभाग विरघळेल. गार पाणी, साबणाचा एखादा थेंब, मऊ फडकं, आणि पुसायचं ते खाचांच्या दिशेनं. लेबल कोरडं ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडे कागदी पाकिटाला बुरशी धरते, तेव्हा पाकीट बदला आणि तबकडी उभी ठेवा. एलपीच्या सुईनं वाजवू नका; मिनिटाला 78 फेऱ्यांच्या अशा जुन्या तबकडीच्या खाचा रुंद असतात, त्यांना वेगळी सुई लागते.

प्रश्न : एवढ्या मोठ्या होत्या तर आम्हाला अँड्र्यूज सिस्टर्स माहीत आहेत, या का नाहीत? भांडणं झाली का?
एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : भांडणं नाहीत, लग्नं झाली. 1936 मध्ये मार्था आणि व्हेट बाजूला झाल्या, कॉनी एकटी गात राहिली. म्हणजे ऐन भराची वर्षं पाचच. त्यात सिगारेट कंपनीचा रेडिओ कार्यक्रम, मग साबणवाल्यांच्या कार्यक्रमात लोकप्रिय गायक बिंग क्रॉस्बीबरोबर गाणं, 1933 आणि 1935 मध्ये युरोपचे दौरे. (सिगारेट-साबण वाचून हसू नका. आपण ‘बिनाका गीतमाला’ टूथपेस्टच्याच कृपेनं ऐकली.)

अँड्र्यूज भगिनी मिनेसोटाच्या. बॉसवेल ऐकतच त्या गायला शिकल्या आणि 1937 च्या अखेरीस त्यांची पहिली मोठी तबकडी आली. मग महायुद्ध, सैनिकांसमोर कार्यक्रम, सिनेमे. कीर्ती तिकडे गेली. माझं मत विचाराल तर अँड्र्यूज गोड आणि ठसठशीत, पण पुढच्या ओळीत काय येणार हे आधी कळतं. बॉसवेलचं कळत नाही. त्यांच्याही शेवटच्या, डेक्का कंपनीच्या तबकड्या मला जरा सरळ झालेल्या वाटतात. पुढे जॅझची महान गायिका ठरलेली एला फिट्झजेराल्ड 1934 मध्ये न्यू यॉर्कमधल्या हार्लेमच्या अपोलो थिएटरात नवोदितांच्या स्पर्धेला उतरली, तेव्हा ती कॉनीसारखं गायचा प्रयत्न करत होती. हे एलानंच पुढे सांगितलंय. याहून मोठं प्रशस्तिपत्र मला तरी ठाऊक नाही.

प्रश्न : हे संगीत आपल्या किनाऱ्यावर कधी आलं का?
एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : तुमच्या शेजारून गेलं. 1935 मध्ये लिऑन ॲबी यांचा आफ्रिकन-अमेरिकन बँड मुंबईच्या ताजमध्ये वाजवायला आला. त्या काळच्या मुंबईतल्या बँडांत गोव्याचे वादक भरपूर, कारण तिथल्या चर्चच्या शाळांत मुलं लहानपणीच नोटेशन आणि व्हायोलिन शिकत. बार्देशातल्या हळदोण्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट त्यांतलेच. 1951 चा ‘अलबेला’ काढून बघा: संगीत सी. रामचंद्रांचं, आणि पडद्यावर चिक आपल्या बँडसकट हजर.

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणी भजनी मंडळात गातो. तीन वेगळ्या सुरांत एक गाणं बसवायचं आहे. पेटी येते, वेस्टर्न येत नाही. जमेल का?
एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : जमेल. पलीकडे गोव्यात मांडो ही कोंकणी गीतं दोन आवाजांत गातातच, तुम्ही तिसरा घाला.

शुद्ध स्वरांतली सरळ चाल निवडा, भूप रागाच्या अंगाची असली तर उत्तम. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आणि आंदोलनाची (सूर हलवण्याची) चाल नको, तीन गळे तिथे एकत्र वळत नाहीत. मूळ चाल एकीनंच धरायची, शक्यतो मधल्या आवाजाच्या मैत्रिणीनं. बाकी दोघींसाठी पेटीवर तीन जुड्या पाठ करा: सा-ग-प, म-ध-सा, प-नि-रे. चाल ‘ग’वर थांबली तर दोघींनी सा आणि प धरायचे. ‘ध’वर आली तर म आणि सा. ‘रे’वर आली तर प आणि नि. मग नि वरून सा वर आलात की ओळ मिटल्यासारखी वाटते. दर शब्दाला जुडी बदलू नका, समेला आणि ओळीच्या शेवटी बदला.

सगळ्यात अवघड काम चालवालीचं नाही, खालच्या आवाजाचं. तिला एकच सूर बराच वेळ धरावा लागतो आणि कान सारखा चालीकडे ओढतो. हे फुगडीसारखं आहे, तिघींनी मागे रेलायचं पण हात सोडायचे नाहीत. तिला आधी एकटीला पेटीवर बसवा, मग चालवालीबरोबर, आणि शेवटी तिघी एकत्र. तबला पहिल्या काही दिवसांत घेऊच नका.

स्पर्धेला एकच माइक मिळाला तर तक्रार करू नका. मध्ये चालवाली, दोन्हीकडे दोघी, खालचा आवाज किंचित पुढे. तो दबला तर बाकीच्या दोघी कितीही सुरेल असल्या तरी गाणं पातळ ऐकू येतं.